नेत्यांनाही निवृत्तीचे वय असावे काय?

भारतीय राज्यघटनेने लोकप्रतिनिधींच्या वयाचा विचार केला आहे, पण तो एकाच बाजूने. लोकसभेसाठी २५ वर्षे, राज्यसभेसाठी ३०, राष्ट्रपतिपदासाठी ३५ अशी किमान वये घटनेत लिहिलेली आहेत. कमाल वय मात्र कोठेही नाही. याउलट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ व्या वर्षी आणि उच्च न्यायालयाचा ६२ व्या वर्षी घरी जातो. मग ज्यांच्या हाती साऱ्या देशाचा कारभार, त्यांनाच तेवढी मोकळीक का? आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गात या वर्षी यावर दोन तास वाद झाला आणि तो पुढे कॅन्टीनमध्येही चालू राहिला. बहुतेकांचे मत 'मर्यादा हवीच' असे पडले. माझे मत तसे नाही. ते का, हे येथे मांडण्याचा प्रयत्न करते.

प्रथम थोडा इतिहास. घटनेच्या मूळ मसुद्यात संसदसदस्यांसाठी किमान वयाचीही अट नव्हती. मे १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नवे कलम म्हणून घटनासमितीपुढे मांडली. राज्यसभेसाठी तेव्हा ३५ वर्षे सुचवली होती. ती ३० वर आणावी, अशी दुरुस्ती दुर्गाबाईंनी मांडली आणि ती मान्य झाली. (पुढे चिंतामणराव देशमुखांशी विवाह झाल्यावर दुर्गाबाई देशमुख म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्याच या.) शहाणपण वयावर अवलंबून नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद दुधारी आहे. आम्हा तरुणांना तो फार आवडतो. पण तो खरा मानला, तर 'ऐंशीचे झालात, आता उठा' असे कुणाला निव्वळ वयाकडे बोट दाखवून सांगता येत नाही.

माझे वडील माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. आजही ते दिवसाचे पाच-सहा तास उभे राहून शिकवतात; तरी ५८ पूर्ण झाले की त्यांना निवृत्त व्हावेच लागेल. "आम्हाला नियम, मग पुढाऱ्यांना का नाही?" असे ते विचारतात. घरोघरी ऐकू येणारा हा प्रश्न आहे, आणि त्यात मत्सर नसून न्यायबुद्धी आहे. परंतु दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. शिक्षकाला किंवा न्यायाधीशाला दर पाच वर्षांनी कोणी पुन्हा निवडत नाही. न्यायाधीशाला तर महाभियोगावाचून हलवता येत नाही, आणि तसे असणेच योग्य, कारण त्यावर त्याचे स्वातंत्र्य उभे आहे. त्याला बाहेर पडण्याचा रोजचा दरवाजा एकच, निवृत्तीचा. खासदाराचा दरवाजा मतदाराच्या हाती असतो. कायद्याने तेथे कुलूप घातले, तर ते म्हाताऱ्या पुढाऱ्याला जितके लागते तितकेच मतदारालाही लागते.

येथे माझे मित्र म्हणतात की, हा दरवाजा कागदावरचा. मतदारापुढे नावे ठेवतो पक्ष, आणि पक्षात तिकिटे वाटतात तेच ज्येष्ठ. यात बरेच तथ्य आहे. पहिल्या लोकसभेतील सदस्यांचे सरासरी वय ४६ च्या आसपास होते. २०२४ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेचे ते सुमारे ५६ आहे. देश तरुण आणि सभागृह प्रौढ, असे हे चित्र आहे.

पण मग पक्षांनी स्वतः नियम केले तेव्हा काय झाले, तेही पाहावे. भारतीय जनता पक्षात २०१४ नंतर पंचाहत्तरीचा एक अलिखित संकेत असल्याचे बोलले जाऊ लागले. लालकृष्ण अडवाणी व मुरली मनोहर जोशी मार्गदर्शक मंडळात गेले आणि २०१९ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. पुढे २०२४ मध्ये, पक्षाच्या घटनेत असा नियमच नाही, असे अमित शहा यांनी सांगितले; आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नरेंद्र मोदींनी पंचाहत्तरी पूर्ण केली ती पंतप्रधानपदावर असतानाच. उजवीकडून डावीकडे वळले तरी फारसा फरक नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने २०२२ मध्ये मध्यवर्ती समितीसाठी ७५ वर्षांची मर्यादा घातली, आणि त्याच वेळी केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांना तीतून सूट दिली. नियम सर्वांना आणि सूट बलवानाला, असा हा प्रकार.

शिवाय आपल्याकडे वयाचा प्रश्न काढतो कोण? मतदार क्वचितच. तो काढतात रांगेत पुढचा नंबर असलेले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा अजित पवारांनी भर सभेत काकांच्या वयाचा हिशेब मांडला आणि आपण थांबणार की नाही, असे विचारले. याच शरद पवारांनी १९७८ च्या जुलैत वसंतदादांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून मुख्यमंत्रिपद मिळवले, तेव्हा ते अवघे ३७ वर्षांचे होते. महाराष्ट्राच्या राजकारणाला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?

आता वयाने माणूस निकामी होतो काय, हा प्रश्न. मोरारजी देसाई मार्च १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्यांचे सरकार जुलै १९७९ मध्ये कोसळले ते प्रकृतीमुळे नव्हे, तर जनता पक्षातील भांडणांमुळे. त्यानंतर मोरारजी जवळजवळ सोळा वर्षे जगले आणि शंभरीच्या उंबरठ्यावर, ९९ व्या वर्षी, वारले. उलट अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना १९१९ मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळवले, तेव्हा त्यांचे वय होते ६२. कोणतीही प्रस्तावित वयोमर्यादा विल्सनना अडवू शकली नसती.

म्हणून खरा धोका मला वयापेक्षा आजारपणात, आणि त्याहून अधिक ते लपवण्यात दिसतो. जून १९५३ मध्ये ७८ वर्षांच्या चर्चिलना झटका आला. ब्रिटिश जनतेला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. मोठ्या वृत्तपत्रांचे मालक त्या मौनात सामील होते. ते पदावर राहिले एप्रिल १९५५ पर्यंत. आपल्याकडे जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात नेहरूंना झटका आला. त्याच महिन्यात लालबहादुर शास्त्रींना बिनखात्याचे मंत्री म्हणून परत बोलावण्यात आले आणि २७ मेपर्यंत कारभार असा तोलून धरला गेला. शास्त्रींच्या विनम्रतेमुळे ते निभावले. पण विनम्रता ही काही घटनात्मक तरतूद नव्हे. राष्ट्रपती आजारी पडले तर ६५ व्या कलमान्वये उपराष्ट्रपती काम पाहतात. १९६१ मध्ये राजेंद्रबाबूंच्या आजारपणात डॉ. राधाकृष्णन यांनी ते पाहिले. पंतप्रधान अंथरुणाला खिळले आणि राजीनामा देण्याच्याही स्थितीत नसले तर काय, याविषयी घटनेत असे कलम नाही. अमेरिकेने विल्सन आणि केनेडी यांच्यापासून धडा घेऊन १९६७ मध्ये पंचविसावी दुरुस्ती केली. आपण धडा घेतलेला नाही.

कायद्याने मर्यादा घालणारे देश नाहीत असे नव्हे. शेजारच्या भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेत निवडणुकीच्या उमेदवाराचे वय २५ ते ६५ च्या दरम्यान असावे लागते, आणि विशेष म्हणजे राजालाही ६५ व्या वर्षी पायउतार व्हावे लागते. चौथ्या राजांनी तर २००६ मध्येच, ५१ व्या वर्षी, सिंहासन मुलाकडे सोपवले. ज्याच्या हाती सत्ता होती त्यानेच ती बांधून घेतली, म्हणून तेथे नियमाला वजन आले. युगांडात याच्या नेमके उलट घडले. तेथे अध्यक्षपदाच्या उमेदवाराला ७५ ची मर्यादा होती. १९८६ पासून सत्तेवर असलेले मुसेवेनी त्या रेषेजवळ येताच, २०१७ च्या डिसेंबरात संसदेने ती रेषाच पुसून टाकली. ज्याच्यासाठी कुंपण, तोच गवंडी!

तेव्हा माझे मत असे की, जेथे मतदार आहे तेथे कमाल वयाचा कायदा नको. जेथे मतदार नाही तेथे अवश्य असावा. पहिले उदाहरण राज्यपालांचे. त्यांना कोणी निवडून देत नाही. घटनेने त्यांच्यासाठीही फक्त किमान ३५ वर्षांची अट घातली आहे. न्यायाधीशाला लावलेला दंडक त्यांना लावायला काय हरकत आहे? राज्यसभा अप्रत्यक्ष निवडणुकीची असल्याने तिच्याविषयी वाद होऊ शकतो. पंतप्रधानांच्या असमर्थतेसाठी मात्र स्वतंत्र तरतूद आताच व्हावी, कोणी आजारी नसताना.

आणि वरचे टोक कापण्यापेक्षा खालचे टोक मोकळे करावे. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, उमेदवारीचे मात्र जेथल्या तेथेच राहिले. लोकसभेसाठी ते १८ करावे अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये केली. निवडणूक आयोगाचा कल त्याविरुद्ध होता. मी आज २० वर्षांची आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मला पुढच्या वर्षी उभे राहता येईल, सरपंचही होता येईल. लोकसभेसाठी अजून पाच वर्षे थांबायचे आहे.