उताऱ्यातील लेखकाचा दृष्टिकोन

‘लेखकाला याविषयी काय वाटते?’ या प्रश्नास मुले बहुधा स्वतःचे मत लिहितात, किंवा उताऱ्यात ‘मी’ म्हणून जो बोलतो त्याचे. दुसरी चूक अधिक फसवी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ (१९१०) या पुस्तकातील सुदामा जुन्या रूढींची तरफदारी करतो. कोल्हटकर मात्र त्याच्याच तोंडून त्या रूढींची थट्टा करीत असतात.

अशा वेळी मत शब्दयोजनेत शोधावे. ‘पाटलांनी शाळेला घंटा दिली’ ही नुसती बातमी होय. ‘पाटलांनी घंटा देऊन शाळेवर उपकार केले, छप्पर गळते, पण घंटा खणखणीत वाजते’ यात शब्द स्तुतीचे आहेत, स्तुती नाही. हे वाक्य फळ्यावर लिहून त्याचा उत्तरार्ध पुसावा. उरलेले वाक्य खऱ्या स्तुतीचे वाटू लागते, हे चौथीच्या मुलासही दिसते.

उत्तर ज्या शब्दांवरून काढले ते शब्दही शिक्षकांनी लिहवून घ्यावेत व त्यांस गुण द्यावेत. आधार न दाखविता दिलेले बरोबर उत्तर पुष्कळदा निव्वळ अंदाज असतो. मात्र उताऱ्यात विहीर कशी बांधावी एवढेच सांगितले असेल, तर ‘लेखक केवळ माहिती देतो’ हे उत्तर पूर्ण समजावे. तेथे टोमणा शोधावयास लावू नये.