वर्षभराचे कारागीर : क्वेडलिनबुर्गची जुन्या घरांची शाळा

जर्मनीतील हार्ट्‌स पर्वताच्या उत्तर पायथ्याशी वसलेल्या क्वेडलिनबुर्ग या लहानशा शहराला १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. या मानात तेथील टेकडीवरचा किल्ला आणि मठाचे चर्च यांचा जेवढा वाटा होता, तेवढाच त्यांच्या पायथ्याशी दाटीने उभ्या असलेल्या १,३००हून अधिक लाकडी सांगाड्याच्या घरांचा होता. यांतील काही घरे मध्ययुगीन आहेत, बहुतेक त्यानंतरच्या शतकांतील आहेत, आणि पूर्व जर्मनीच्या काळात त्यांपैकी कितीतरी घरांची वर्षानुवर्षे डागडुजीच झाली नव्हती. पाडण्याच्या उंबरठ्यावर आलेल्या अशा घरांच्या शहरातच १९९९ साली तरुणांना जुन्या इमारतींच्या जतनाचे काम शिकवणारी पहिली ‘युगेंडबाउह्यूटे’ सुरू झाली, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. ‘बाउह्यूटे’ म्हणजे मध्ययुगात मोठ्या चर्चच्या बांधकामालगत उभी राहणारी पाथरवट व सुतारांची कर्मशाळा, आणि ‘युगेंड’ म्हणजे युवक. कल्पना होती वारसारक्षक गॉटफ्रीड कीझोव यांची, आणि ती प्रत्यक्षात आणली १९८५ साली स्थापन झालेल्या जर्मन स्मारक-संरक्षण प्रतिष्ठानाने. आज देशभरात अशी डझनाहून अधिक केंद्रे आहेत.

व्यवस्था साधी आहे. सोळा ते सव्वीस वयाचे युवक-युवती जर्मन कायद्यातील स्वयंसेवी सामाजिक वर्षाच्या तरतुदीखाली सप्टेंबरपासून एक वर्ष दाखल होतात. सुतार, पाथरवट, रंगलेप-तज्ज्ञ, वास्तुविशारद किंवा सरकारी वारसा कार्यालय यांपैकी एखाद्या ठिकाणी काम करतात. आणि वर्षात सहा आठवडे एकत्र येऊन वास्तुशैली, बांधकामाचे साहित्य व जुनी तंत्रे यांचे वर्ग करतात. पगार नसतो, हातखर्चापुरते मानधन आणि विमा मिळतो.

या शिक्षणाचे खरे मोल पाहायचे तर तळतुळईकडे पाहावे लागते. दगडी जोत्यावर आडवी बसवलेली आणि सगळे खांब पेलणारी ही तुळई संपूर्ण सांगाड्यातील सर्वांत नाजूक जागा होय, कारण पावसाचे उडालेले पाणी आणि जमिनीतील ओल प्रथम तिलाच गाठते. ती कुजली की खांब खचतात, खांब खचले की वरचा मजला रस्त्याकडे कलतो, आणि बाहेरून मात्र कित्येक वर्षे केवळ रंगाला पडलेली एक भेग दिसते. दुरुस्तीसाठी घराला टेकू देऊन त्याचा भार हळूहळू उचलावा लागतो, कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढावा लागतो, आणि त्याच जातीच्या, म्हणजे बहुधा ओकच्या, लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा लागतो. सगळी तुळई बदलणे सोपे असले तरी ते टाळले जाते, कारण जितके मूळ लाकूड राहील तितका त्या घराचा पुरावा राहतो. कापावे कुठे आणि थांबावे कुठे हा निर्णय लाकडात पटाशीचे टोक रोवून, ते किती आत जाते हे पाहून घ्यायचा असतो, आणि तो अंदाज पुस्तकातून येत नाही.

सांध्यांची रचना त्याहून विलक्षण आहे. खांबाच्या टोकाला ठेवलेली जीभ म्हणजे कूस, आणि ती तुळईतील ज्या खाचेत बसते ती साल. दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात ओकची खुंटी ठोकली जाते. जुने सुतार कुशीतले भोक सालीच्या भोकाशी अगदी समोरासमोर न पाडता काही मिलिमीटर खांबाच्या खांद्याकडे सरकवत असत, त्यामुळे निमुळती खुंटी आत जाताना दोन्ही भोके एका रेषेत यायला धडपडतात, कूस खाचेत ओढली जाते आणि सांधा घट्ट आवळला जातो, तोही एकाही लोखंडी खिळ्याविना. फरक जास्त झाला तर कूस फुटते किंवा खुंटी मोडते, कमी पडला तर सांधा सैल राहतो. खुंट्याही करवतीने न कापता लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने चिरून घडवतात, कारण रेषा तुटल्या की खुंटीचा जोर जातो. पूर्ण सांगाडा आधी जमिनीवर मांडून, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रेघांच्या खुणा करून, मग सुटा करून जागेवर उभारला जाई. त्या खुणा आजही तुळयांवर दिसतात, आणि त्या वाचता आल्या की कोणता खांब नंतर बदलला गेला हे कळते. पाच शतकांपूर्वीच्या सुताराने स्वतःच्या सोयीसाठी कोरलेला हा हिशोब आजच्या अठरा वर्षांच्या मुलीला उपयोगी पडतो, यात या शिक्षणाचे सारे सामर्थ्य दिसते.

खांबांमधील जागा कुडाने भरलेली असते. खाचेत उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या फांद्या, त्यावर गवताच्या काडीसह मळलेली माती आणि शेवटी चुन्याचा गिलावा ही रीत कोकणातल्या कुडाच्या भिंतीला इतकी जवळची आहे की मराठी वाचकाला ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. समजावून सांगावे लागते ते मातीचे काम : ती लाकडाला लागून असताना त्याची ओल शोषून घेते आणि हवेत सोडते, म्हणून लाकूड कोरडे राहते. नंतरच्या काळात याच जागी सिमेंटचा गिलावा वापरला गेला तिथे पाणी आत अडकले आणि लाकूड कुजले, त्यामुळे आजच्या दुरुस्तीचा मोठा भाग कालच्या दुरुस्त्या काढून टाकण्यातच जातो.

एवढे सगळे शिकायला वेळ लागतो, आणि अडचणी इथेच सुरू होतात. एका वर्षात कोणीही सुतार होत नाही. जर्मनीत त्यासाठी साधारण तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते, आणि जुन्या इमारतींतील विशेष कौशल्याची पदवी त्याहूनही पुढची असते. स्वयंसेवी वर्ष संपवून अनेक जण विद्यापीठाकडे, विशेषतः वास्तुकला आणि कलेतिहासाकडे वळतात. वारशाची जाण असलेले वास्तुविशारद देशाला मिळावेत हे उत्तमच, परंतु कर्मशाळांना ज्या हातांची गरज आहे ते हात तिथे थांबत नाहीत. उमेदवार शिकवायला वडीलधारे कारागीर लागतात, आणि तीच पिढी निवृत्तीच्या वाटेवर आहे.

मानधनाचाही प्रश्न आहे. घरापासून दूर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला हातखर्चाची ही रक्कम पुरत नाही, म्हणून आईवडिलांचा आधार असलेल्यांनाच हे वर्ष परवडण्याचा धोका कायम राहतो. ज्या कामगार घरांतून पूर्वी कारागीर येत, त्याच घरांतील मुलांना दार अरुंद होणे ही या योजनेची सर्वांत खटकणारी उणीव मानावी लागेल. शासकीय आधारही दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असतो. २०२४च्या केंद्रीय अंदाजपत्रकाच्या मसुद्यात स्वयंसेवी सेवांच्या निधीत कपात सुचवली गेली, आणि सर्व थरांतून विरोध झाल्यावरच ती बऱ्याच अंशी मागे घेतली गेली. ज्या कर्मशाळेला पुढच्या सप्टेंबरमध्ये किती जागा भरता येतील हे आधी कळत नाही, तिने एखाद्या घराचे हिवाळ्यात सुरू होणारे आणि दोन वर्षे चालणारे काम कोणाच्या भरवशावर अंगावर घ्यावे?

शिवाय क्वेडलिनबुर्गची स्वतःची लोकसंख्याही जर्मन एकीकरणानंतर बरीच घटली आहे. दुरुस्त केलेल्या घरात राहायला माणूस नसेल तर छतावरची निखळलेली कौले वेळेवर कोणाच्या नजरेस पडत नाहीत, आणि नव्याने सांधलेली तळतुळई पुन्हा ओल धरू लागते. प्रशिक्षणाने सुतार तयार होतील, भाडेकरू तयार होणार नाहीत. म्हणून शहराला दुरुस्तीच्या खर्चाबरोबरच भाड्यात सवलत, तरुण कुटुंबांना घरे आणि उदरनिर्वाहाची साधने यांचाही हिशोब त्याच वहीत धरावा लागतो. यांतील पहिल्या दोन बाबी नगरपालिकेच्या हाती काही प्रमाणात आहेत. तिसरी तिच्या हाती नाही.