विद्युत गिटारचा विनाध्वनिवर्धक सराव : स्वरगुण आणि वादनतंत्र

प्रस्तावना :

महाविद्यालयीन युवा महोत्सवांतील पाश्चात्त्य वाद्यवादनात विद्युत गिटार आता परिचित आहे. मात्र अपेक्षित नाद निघाला नाही, की विद्यार्थी प्रथम उपकरणास दोष देतो. नवे पेडल, मोठा अॅम्प्लिफायर यांवर पालकांचा पैसा खर्च होतो. हात मात्र होता तसाच राहतो. या पार्श्वभूमीवर, ध्वनिवर्धक न जोडता केलेल्या सरावाची उपयुक्तता आणि मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नादनिर्मितीची प्रक्रिया :

१९३२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या 'फ्राइंग पॅन' गिटारपासून आजवर या वाद्याचे मूलतत्त्व एकच आहे. पोलादी तारेच्या कंपनाने पिकअपमधील चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात विद्युतसंकेत निर्माण होतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचेच हे उपयोजन होय. अर्थात, जे तारेत नाही ते संकेतात येत नाही. अॅम्प्लिफायर नादाला रंग देतो, परंतु आघाताचा दर्जा हातच ठरवतो.

विनाध्वनिवर्धक सरावाचे महत्त्व :

भारतीय संगीतशास्त्राने नादाचे लहानमोठेपणा, उच्चनीचता व जाती असे तीन गुणधर्म मानले आहेत. या तिन्हींची पारख येथे होते.

१) लहानमोठेपणा : डिस्टॉर्शनमध्ये संकेताची शिखरे छाटली जातात. त्यामुळे हलका व जोरकस आघात जवळजवळ सारखेच ऐकू येतात आणि हाताची असमानता झाकली जाते. नुसत्या तारेवर ती तत्काळ उघडी पडते.

२) उच्चनीचता : फ्रेटवर गरजेपेक्षा अधिक दाब दिल्यास तार ताणली जाऊन स्वर चढतो. बोट फ्रेटच्या लगत मागे ठेवल्यास अल्प दाबातही स्वर स्वच्छ निघतो.

३) जाती : ब्रिजजवळ छेडल्यास वरचे स्वयंभू स्वर अधिक उमटून नाद तीक्ष्ण होतो, तारेच्या मध्याकडे तो गोलसर होतो.

सरावाची पद्धती :

खोली शांत असावी. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून एकच सप्तक सम आघाताने वाजवावे. आवाज फारच क्षीण वाटल्यास गिटारचे शीर्ष लाकडी कपाटास टेकवावे. कपाटाचा पृष्ठभाग कंप पावून नाद वाढतो. त्यानंतर तोच पाठ अॅम्प्लिफायर जोडून, प्रथम कोणत्याही परिणामाविना, वाजवून पाहावा. गायकाच्या खर्जसाधनेप्रमाणे येथेही गतीपेक्षा स्थैर्य महत्त्वाचे.

मर्यादा :

घन बांध्याच्या गिटारला नादपेटी नसल्याने स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून विद्यार्थी नकळत जोराने आघात करू लागतो. तीच सवय जडल्यास मंचावर नाद कर्कश होतो. तसेच, न वाजणाऱ्या तारांची गुणगुण अॅम्प्लिफायरविना ऐकूच येत नाही. त्या तारा तळहाताने व बोटांनी शांत ठेवण्याचे तंत्र अॅम्प्लिफायर जोडूनच शिकावे लागते. म्हणून हा सराव पूरक आहे, पर्यायी नव्हे.

निष्कर्ष :

विनाध्वनिवर्धक सरावास खर्च नाही, शेजाऱ्यांस उपद्रव नाही आणि कानांवर अतितीव्र ध्वनीचा ताणही नाही. नवे उपकरण घेण्याचा सल्ला देण्यापूर्वी मार्गदर्शक अध्यापकांनी विद्यार्थ्याचे वादन एकदा वायर काढून ऐकावे. दोष हातात आहे की उपकरणात, याचा निर्णय बहुतेक वेळा तेथेच होईल.