चेहऱ्यावरून मतदाराची ओळख

बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळे व चेहऱ्याची ठेवण यांवरून व्यक्तीची ओळख पटविण्याच्या तंत्रास ‘जैवमिती’ म्हणतात. हैदराबादलगतच्या कोंपल्ली नगरपालिकेच्या निवडणुकीत तेलंगण राज्य निवडणूक आयोगाने २२ जानेवारी २०२० रोजी १० मतदान केंद्रांवर या तंत्राचा प्रयोग केला. मतदाराचे छायाचित्र केंद्रावरच घेऊन ते नोंदीतील छायाचित्राशी ताडून पाहण्यात आले. तोतया मतदानास आळा घालणे, हा त्यामागील उद्देश होता. तथापि, वयोमानाने चेहरा पालटतो. अपुऱ्या प्रकाशातही यंत्राची चूक होऊ शकते. म्हणून यंत्राने न ओळखलेल्या मतदारासही नेहमीच्या पद्धतीने ओळख पटवून मतदान करण्याची मुभा होती. यंत्राने साहाय्य करावे. परंतु केवळ त्याच्या नकारामुळे कोणीही नागरिक आपल्या हक्कास मुकू नये, हेच यातील मर्म होय.