गाणे लिहिणाऱ्याचा वाटा

गिरणीतला कामगार कापड विणतो आणि मजुरी घेऊन घरी जातो. कापड एकदाच विकले जाते. गाणे मात्र हजार वेळा वाजते आणि हजार वेळा पैसा आणते. तो पैसा कोणाचा? आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हा मजुरीचाच प्रश्न वाटतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कृतीचा पहिला मालक लेखक मानला. पण नोकरीत लिहिलेले मालकाचे, हा अपवादही ठेवला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा हक्क, उलट करार नसेल तर, निर्मात्याचा. पुढे संसदेला जाग यायला पस्तीस वर्षे लागली! २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा दिला, आणि तो निर्मात्याला सोडून देणारी सहीच निरर्थक ठरविली. गरजवंताला अक्कल नसते, हे कायद्याने ओळखले. किमान वेतनाचे तत्त्व तरी दुसरे काय आहे?

पुस्तकाच्या लेखकाला हे कवच नाही. त्याने करारच नीट वाचला पाहिजे. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते, असे कायदा धरून चालतो. म्हणूनच छापील फॉर्मात ‘सर्व हक्क, कायमचे’ हे शब्द आधीच टाकलेले असतात. ते खोडून मुदत लिहायला सांगावे. प्रकाशक रागावेल, पण बोलणी तिथूनच सुरू होतात.