लेखणी, खुरपं आणि खोकला

गेल्या मार्चमध्ये ओपीडीत एक निवृत्त शिक्षक आले. कथा लिहितात, दिवाळी अंकांत त्या छापूनही येतात. सकाळी घरामागची बाग आणि दुपारी लिखाण, असा त्यांचा दिवस. “डॉक्टर, सध्या कुंड्यांची माती बदलतोय. धूळ नाकातोंडात जाते, त्याचा खोकला आहे,” ते म्हणाले. किती दिवसांपासून, असं विचारल्यावर थोडे घुटमळले. “दोन महिने झाले असतील. म्हटलं, बागेचं काम आणि हातातली कथा संपली की दाखवू.” वजन चार किलोंनी उतरलं होतं. बेडका तपासला, तर क्षयरोग निघाला.

त्यांचा कागद लिहिताना मला अंतोन चेखव आठवला. हा थोर रशियन कथाकार आमच्याच पेशातला. १८८४ मध्ये मॉस्कोत तो डॉक्टर झाला. १८९२ मध्ये त्याने मॉस्कोजवळ मेलिखोवो इथे जमीन घेतली. वसंतात बर्फ वितळलं की तो झाडं लावायचा, गुलाबांची छाटणी करायचा. त्याच वर्षी कॉलऱ्याच्या साथीत पंचवीस खेड्यांची जबाबदारी त्याच्यावर होती. पुढे त्याने लिहिण्यासाठी बागेतच छोटं घर बांधलं. ‘द सीगल’ हे नाटक त्याने तिथे लिहिलं.

लेखन, बाग आणि रुग्ण या तिन्हींना त्याने वेळ दिला. राहून गेला तो स्वतःचा खोकला. १८८४ मध्येच त्याच्या खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं होतं. तरी कितीतरी वर्षं त्याने दुसऱ्या डॉक्टरकडून छाती तपासून घेणं टाळलं. १८९४ च्या ‘द ब्लॅक मंक’ या कथेत त्याने मोठी फळबाग रंगवली आहे. वसंतातल्या दहिवरापासून झाडं वाचवण्यासाठी तिथे रात्री धूर करतात. त्या कथेचा नायक शेवटी क्षयाने रक्तस्राव होऊन मरतो. म्हणजे रोग त्याला नेमका ठाऊक होता! मार्च १८९७ मध्ये जेवणाच्या टेबलावरच मोठा रक्तस्राव झाला, तेव्हा कुठे तो रुग्णालयात दाखल झाला. पुढे उबदार हवेसाठी याल्टाला जाऊन त्याने नवी बाग उभी केली, ‘द चेरी ऑर्चर्ड’ लिहिलं आणि १९०४ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला.

चेखवला दोष देताना एक गोष्ट विसरू नये. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता, पण त्यावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आलं. निदान लवकर झालं असतं, तरी डॉक्टर त्याला विश्रांती आणि चांगली हवा याखेरीज फारसं काय देणार होते? आपल्यापाशी मात्र ही सबब नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं यांपैकी काहीही असेल तर तपासणी करून घ्या. खोकल्यातून रक्त पडलं, तर त्याच दिवशी या. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. मात्र बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. हा रोग मातीतून नव्हे, तर रुग्णाच्या खोकल्यावाटे हवेतून पसरतो. म्हणून घरच्यांचीही तपासणी हवी.

बागकाम सोडा, असं मी कुणालाही सांगणार नाही. तासन्‌तास बसून लिहिणाऱ्याच्या कंबरेला, गुडघ्यांना आणि मनालाही ते हवंच असतं. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठावं, चार झाडांना पाणी घालून यावं. ऊन चढल्यावर मात्र खुरपं खाली ठेवावं. पण ताजी हवा म्हणजे औषध नव्हे.

आमच्या मास्तरांनी सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. परवा ते वर्षभरानंतरच्या तपासणीला आले होते. वजन पूर्ववत झालं आहे, मोगऱ्याला कळ्या आल्या आहेत. अर्धवट राहिलेली ती कथाही दिवाळी अंकात छापून आली. “ती दोन महिने थांबली असती, तरी काही बिघडलं नसतं,” ते स्वतःच म्हणाले.