पेंटियम जी४५६०: जुना स्वस्त प्रोसेसर आता घ्यावा का?

सेकंड हँड कॉम्प्युटर बघताना 'पेंटियम' नाव दिसलं की बरेच जण पुढे सरकतात. पण इंटेलचा पेंटियम जी४५६० थोडा वेगळा आहे. माझ्या घरच्या डेस्कटॉपमध्ये हाच आहे, म्हणून आकड्यांसोबत वापरातला अनुभवही सांगतो.

हा प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आला. २ कोअर, ४ थ्रेड, ३.५ गिगाहर्ट्झ, ३ एमबी कॅशे, ५४ वॅट. यातला खरा आकडा ४ थ्रेडचा. आधीच्या जी४४०० मध्ये २ कोअरला २च थ्रेड होते. थ्रेड म्हणजे काय? एकच माणूस दोन शेगड्या सांभाळतोय असं समजा. एकीकडे भात शिजेपर्यंत दुसरीकडे फोडणी होते. रिकामा वेळ वाया जात नाही, पण माणूस एकच, त्यामुळे खऱ्या ४ कोअरची बरोबरी होत नाही. त्या वेळचा आय३-७१०० सुद्धा २ कोअर, ४ थ्रेडचाच होता. त्याचा स्पीड ३.९ गिगाहर्ट्झ आणि इंटेलची किंमत ११७ डॉलर, तर याची फक्त ६४! म्हणून हा एवढा गाजला.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या फोनमध्ये ८ कोअर आहेत, मग २ कसे पुरणार? फोनमधले बरेच कोअर बॅटरी वाचवणारे, कमी ताकदीचे असतात. नुसते कोअर मोजून तुलना करू नका.

माझ्याकडे ८ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. मराठी टायपिंग, एक्सेल, क्रोमचे दहा-बारा टॅब, यूट्यूब, सगळं आरामात चालतं. व्हिडिओ कॉल चालू असताना मागे अपडेट सुरू झालं की मात्र दम लागतो. हार्ड डिस्कवरच चालवणार असाल तर विचार सोडा. गेमिंगसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच, आतलं एचडी ६१० जुन्या, हलक्या गेमपुरतं. शिवाय यात एव्हीएक्स नावाच्या सूचना नाहीत, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत. ग्राफिक्स कार्ड कितीही भारी लावा.

मोठी अडचण विंडोजची. विंडोज ११ ला इंटेलचा ८वी जनरेशन किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, हा ७वीतला. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार म्हणेल, "अहो, ११ टाकून देतो की!" जुगाड करून पडतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अशा मशीनवर नेट बँकिंग मी तरी करणार नाही. लिनक्स मिंट टाकलं तर हाच प्रोसेसर अभ्यासाला, कोडिंग शिकायला मस्त चालतो.

'नंतर प्रोसेसर बदलू' हा हिशोबही नीट करा. ८वी जनरेशनचं सॉकेट नावाला तेच, ११५१, पण ते प्रोसेसर या जुन्या मदरबोर्डवर चालत नाहीत. म्हणजे विंडोज ११ हवं असेल तर बोर्डही बदलावा लागतो. त्यापेक्षा थोडे पैसे जास्त घालून ८वी जनरेशनचा आय३-८१०० असलेला सेट शोधा, त्यात खरे ४ कोअर मिळतात.